खुर्चीतल्या एका तासाची किंमत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



साताऱ्यात गेली चोवीस वर्षं मी ब्यूटी पार्लर चालवते आहे. त्यातली पंधरा वर्षं शिकायला येणाऱ्या मुलींचे वर्गही घेते. आज मला विषय दिला आहे, ‘सौंदर्य व्यवसायाचं उद्याचं चित्र’. हा विषय निघाला की आमच्या व्यवसायातल्या बायका पहिल्यांदा विचारतात, ‘ताई, आता कुठलं नवीन मशीन घेऊ?’ त्यांचंही बरोबर आहे. जिल्ह्याच्या गावांतून मोठ्या कंपन्यांची वातानुकूलित सलून निघाली. मोठ्या शहरांत मोबाईलवर दोन बटणं दाबली की वॅक्सिंगला मुलगी घरी हजर होते. शेजारच्या गल्लीत कुणीतरी ‘फेशियल निम्म्या दरात’ असा फलक लावलेला असतो. अशा वेळी भाड्याच्या गाळ्यातलं, एका-दोन खुर्च्यांचं पार्लर टिकेल का? या प्रश्नावर कितीतरी घरांतली मुलांची फी आणि औषधपाणी अवलंबून आहे. म्हणून आज मी स्वप्नांपेक्षा हिशेबाबद्दल जास्त बोलणार आहे.

सौंदर्याची काळजी आपल्याकडे नवी नाही. उटणं, शिकेकाई, दिवाळीचं अभ्यंग हे सगळं घरातच होत आलं. ‘स्पा’ हा शब्द आला बेल्जियममधल्या स्पा नावाच्या गावावरून. तिथल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांवर लोक प्रकृती सुधारायला जात, जसे आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांवर जातात. पुढे लॅक्मेसारखी देशी प्रसाधनांची कंपनी १९५२ मध्ये निघाली. १९८९ मध्ये वंदना लुथ्रा यांनी दिल्लीत व्हीएलसीसी सुरू केली. पण गावोगावी हा व्यवसाय पसरला तो घराच्या पुढच्या नाहीतर मागच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी एक खुर्ची आणि एक आरसा मांडून. भांडवल थोडं, हात कुशल आणि गिऱ्हाईक ओळखीचं, या तीन पायांवर तो उभा राहिला. आता भांडवल पूर्वीपेक्षा जास्त लागतं. बाकीचे दोन पाय मात्र तेच आहेत, आणि माझ्या मते पुढची दहा वर्षं तेच आपल्याला तारतील.

आता हिशेबाकडे येते. पार्लरमध्ये आपण काय विकतो? क्रीम विकत नाही, ते दुकानातही मिळतं. आपण आपला वेळ विकतो. म्हणून खुर्चीतल्या एका तासाची किंमत प्रत्येकीला तोंडपाठ हवी. समजा, एकटीचं पार्लर आहे. गाळ्याचं भाडं १० हजार, वीज-पाणी ३ हजार, टॉवेल-गाऊनची धुलाई, फोन, किरकोळ दुरुस्ती मिळून ३ हजार. आणि स्वतःचा पगार? तो बहुतेक जणी धरतच नाहीत. तो धरा, २० हजार. झाले महिन्याचे ३६ हजार. महिन्याचे कामाचे दिवस २६, दिवसाला आठ तास, म्हणजे २०८ तास. पण खुर्ची आठही तास भरलेली नसते. निम्मा वेळ भरली असं धरलं तर हाती राहतात १०४ तास. ३६ हजाराला १०४ नं भागा. एका भरलेल्या तासाला साधारण ३५० रुपये पडतात. यात क्रीम, वॅक्स, कापूस अजून धरलेलंच नाही.

हा आकडा हाताशी असला की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. शेजारणीचा फलक बघून तुम्हीही दीड तासाचं फेशियल ५९९ रुपयांना ठेवलंत. त्यात २०० रुपयांचं सामान गेलं, राहिले ३९९. दीड तासाची किंमत मात्र ५२५ रुपये. म्हणजे प्रत्येक फेशियलमागे सव्वाशे रुपये तुम्ही पदरचे घातलेत, आणि वर कंबर दुखली ती वेगळीच. उलट ज्याला आपण ‘किरकोळ काम’ म्हणतो ते थ्रेडिंग बघा. दहा मिनिटं, ५० रुपये, सामान म्हणजे रीळ आणि पावडर. तासाला ३०० रुपये होतात, आणि ती बाई तीन-चार आठवड्यांनी पुन्हा येतेच येते. तिच्या भुवयांची ठेवण तुमच्या हाताला माहीत असते. म्हणून आयब्रोच्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नका. पार्लरचा पाया तिच्यावर आहे.

आता समजा, रोजचे चार भरलेले तास पाच झाले. महिन्याला १३० तास. तोच खर्च १३० नं भागला की तासाची किंमत २७७ रुपयांवर येते. एकही नवीन वस्तू न घेता! म्हणून उद्याच्या व्यवसायात पहिला डाव आहे रिकाम्या तासांचा. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर जूनपर्यंत लग्नसराई असते, तेव्हा श्वास घ्यायला सवड नसते. पितृपक्षात पार्लर ओस पडतं. रोज दुपारी एक ते चार शुकशुकाट असतो. सरसकट सवलतीचा फलक लावला की गर्दीच्या वेळचं गिऱ्हाईकही कमी पैसे देतं. त्यापेक्षा सवलत फक्त दुपारच्या तासांना द्या. निवृत्त शिक्षिका, लहान मुलं शाळेत गेलेल्या आया, बँकेत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या मुली यांना ती वेळ सोयीची असते. वेळ ठरवून येण्याची सवय त्यांना लावा. डॉक्टरांकडे आपण नंबर लावून जातो, तर पार्लरलाही लावता येतो.

मशीनचंही हेच. विक्रेता सांगतो, ‘मॅडम, सहा महिन्यांत पैसे वसूल.’ दीड लाखाचं मशीन दोन वर्षांच्या कर्जावर घेतलं तर महिन्याला हप्ता बसतो सात हजारांच्या आसपास. सामान आणि वेळेची किंमत वजा जाता एका बैठकीमागे ७०० रुपये सुटत असतील, तर महिन्याला दहा बैठका नुसत्या हप्त्यासाठी लागतात. तुमच्या वहीत अशा दहा बायकांची नावं आज लिहून दाखवता आली तर जरूर घ्या. नावं सुचत नसतील तर थांबा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. ही सोय चांगली आहे. पण कर्ज मशीनच्या जाहिरातीवर न घेता आपल्या वहीवर घ्यावं.

मोठ्या सलूनचं काय? इथे एक बदल नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लर आणि सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे हजार रुपयांच्या कामाचं बिल पूर्वी ११८० होत होतं, ते आता १०५० होतं. मात्र त्यांनी भाड्यावर आणि सामानावर भरलेल्या कराची वजावट आता त्यांना मिळत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या आपल्यासारख्यांना जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे आपलं बिल जिथल्या तिथे राहिलं. पण ‘त्यांच्याकडे कर लागतो, आमच्याकडे लागत नाही’ हा जो आपला फायदा होता, तो पुष्कळ कमी झाला. नुसत्या स्वस्ताईवर त्यांच्याशी यापुढे झुंजता येणार नाही. आपल्याकडे काहीतरी असं हवं, जे त्यांच्याकडे नाही.

घरपोच सेवेचंही तसंच. २०१४ मध्ये सुरू झालेली अर्बन कंपनी २०२५ मध्ये शेअर बाजारात आली, यावरून या मागणीचा अंदाज येईल. लोकांना घरी सेवा हवी आहे, ती मागणी आता मागे जाणार नाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे. २०२१ मध्ये गुरुग्रामला याच कंपनीशी जोडलेल्या ब्यूटिशियन महिलांनी कमिशन आणि कामाच्या अटींवरून निदर्शनं केली होती. अॅपवर गिऱ्हाईक येतं ते अॅपचं असतं. दर, वेळ, गुण सगळं तिकडून ठरतं. ज्या मुलीकडे दुसरं साधन नाही तिच्यासाठी तो मार्ग आहेच. पण जिच्याकडे स्वतःची शंभर गिऱ्हाइकं आहेत, तिनं घरपोच सेवा स्वतःच्या नावानं सुरू करावी. आठवड्यातले दोन अर्धे दिवस राखून ठेवा. जाण्यायेण्याचा वेळही तासात धरा आणि तसे पैसे सांगा. संकोच करू नका.

आणि ही घरपोच सेवा कुणाला लागणार आहे? आपलं गिऱ्हाईक म्हातारं होत आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरांत जवळपास दहा जण साठीच्या पुढचे होते, आणि हे प्रमाण वाढतंच आहे. ज्या काकू तुमच्याकडे चाळिशीत यायच्या, त्या आता पासष्टीच्या आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर परदेशात. जिना चढवत नाही. त्यांना पायांची नखं कापून हवी असतात, डोक्याला तेल हवं असतं, आणि खरं सांगायचं तर तासभर कुणीतरी बोलायलाही हवं असतं. या कामात पैसे आहेत आणि पुण्यही आहे. पण त्यासाठी नव्यानं शिकावं लागेल. मधुमेह असलेल्या बाईच्या पायाला संवेदना कमी असू शकते. पेडिक्युअरच्या पाण्याची उष्णता तिला कळत नाही, कातडी कापली तर जखम चिघळू शकते. तिच्या पायावर ब्लेड चालवायचं नाही. दुसरी गोष्ट केस धुण्याच्या बेसिनची. मान फार मागे वाकवून ठेवल्यानं मेंदूला रक्त नेणाऱ्या नसांवर ताण येऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याला ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ असंच नाव दिलं गेलं. असं क्वचितच घडतं, पण मानेखाली टॉवेलची जाड घडी ठेवायला कितीसा खर्च येतो? चक्कर येते म्हणाली की लगेच उठवून बसवायचं, आणि बोलताना जीभ अडखळली किंवा हातातली शक्ती गेली तर वेळ न घालवता दवाखान्यात न्यायचं, हे आपल्या मदतनीस मुलीलाही शिकवून ठेवा.

तरुण गिऱ्हाईकही बदललं आहे. कॉलेजातली मुलगी आता ‘गोल्ड फेशियल करा’ म्हणत नाही. ती नायसिनामाइड, रेटिनॉल असे शब्द बोलते. काही जणी ऐकून हसतात. हसू नका, ती नावं शिकून घ्या. कारण रेटिनॉल किंवा मुरुमांवरची तशी औषधं घेणाऱ्या मुलीची त्वचा नाजूक झालेली असते. तिच्या ओठावर वॅक्स लावून ओढलं तर केसांबरोबर वरची कातडीही निघते. खुर्चीत बसण्यापूर्वी एवढंच विचारायचं, ‘चेहऱ्याला काय लावतेस? कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ या दोन प्रश्नांनी मोठा अनर्थ टळतो. केसांच्या काळ्या रंगात आणि तथाकथित काळ्या मेंदीत पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याची जबर अॅलर्जी येते. खरी मेंदी काळी नसते. म्हणून कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट बघायची, मग रंग. गिऱ्हाईक घाईत असलं तरीही.

गोरेपणाबद्दल थोडं बोलायला हवं. २०२० मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरनं आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढला. जाहिरातींची भाषा बदलली, पण लग्न ठरलेल्या मुलीची आई अजूनही हळूच विचारते, ‘महिनाभरात उजळेल ना?’ आणि मग कुणीतरी बिनलेबलाची डबी काढून देतं. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. त्या वापरत असलेलं गोरेपणाचं क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीनं तपासलं गेलं, तेव्हा त्यात पारा सापडला. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा चार दिवसांत उजळतो, आणि तोच पारा कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडांवर बसतो. मिनामाता करारात तर पारा घातलेली प्रसाधनं २०२५ नंतर बनवायची नाहीत, आयात-निर्यातही करायची नाहीत, असं ठरलं आहे. तेव्हा ज्या डबीवर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी नाही, ती डबी पार्लरच्या फळीवर नको. कितीही नफा सुटत असला तरी नको.

केस सरळ करण्याच्या उपचारांतही डोळे उघडे ठेवा. काही द्रावणांना इस्त्रीची उष्णता लागली की फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. तिनं डोळे चुरचुरतात, आणि हे रसायन कर्करोगकारक ठरलेलं आहे. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं छापून ग्लायऑक्झिलिक आम्ल घातलेली द्रावणं आली. त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या बायकांची नोंद इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी केली. गिऱ्हाईक वर्षातून एकदा ती वाफ घेतं. आपण आणि आपल्या मुली आठवड्यातून चारदा घेतो. यात गिऱ्हाइकाइतकाच आपल्या आरोग्याचा प्रश्न आहे. सुई टोचायची कामं, बोटॉक्स असो की फिलर, ती डॉक्टरांची आहेत. ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांचा नंबर भिंतीवर लावा. ‘हे माझं काम नाही, त्यांना दाखवा,’ असं सांगणाऱ्या ब्यूटिशियनवर बाईचा विश्वास दुप्पट होतो. ही माझी चोवीस वर्षांतली कमाई आहे.

मदतनीस मुलींबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते : शिकवलं की सोडून जातात. जाणारच. आपणही कुणाकडून तरी शिकून बाहेर पडलो. पण दोन वर्षं राहणारी मुलगी चार वर्षं राहावी असं वाटत असेल, तर तिला ठरलेल्या तारखेला पगार, आठवड्याची सुट्टी आणि तिनं केलेल्या कामावर ठरावीक टक्केवारी द्या. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे, तो केलेली मुलगी मिळाली तर स्वच्छतेचे आणि त्वचेचे मूळ धडे तिला पुन्हा द्यावे लागत नाहीत. नुसती हाताखाली शिकलेली असेल तर तिला प्रमाणपत्राची परीक्षा द्यायला लावा. गिऱ्हाईक पुढच्या काळात भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचणार आहे.

आणि शेवटी, मोठ्या सलूनकडे नाही असं आपल्याकडे काय आहे, ते सांगते. तिथे दर सहा महिन्यांनी मुलगी बदलते. आपल्याकडे तीच ‘ताई’ असते. हे भांडवल डोक्यात ठेवू नका, कागदावर उतरवा. २०२० च्या टाळेबंदीत मार्चपासून जूनअखेरपर्यंत पार्लर बंद होती. २८ जूनपासून उघडायला परवानगी मिळाली, तीही केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग आणि थ्रेडिंगपुरती. त्वचेच्या उपचारांना बंदीच होती. त्या दिवसांत ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर नीट लिहिलेले होते, त्यांनी एकेकीला फोन करून वेळ दिली आणि पार्लर पुन्हा उभं केलं. बाकीच्या दार उघडून वाट बघत बसल्या.

दोनशे पानी वही आणा. एका गिऱ्हाइकाला एक पान. नाव, फोन, कशाची अॅलर्जी, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, कुठली औषधं, गरोदर आहे का, मागच्या वेळी कुठला रंग, किती नंबरचा, पुढची तारीख कधी. मोबाईलवर लिहीत असाल तर तेही चालेल, पण तो दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. बाई आपल्याला जे सांगते ते विश्वासानं सांगते. दर महिन्याच्या शेवटी भरलेले तास मोजा, तासाची किंमत काढा आणि त्याच पानांवरून ठरवा की दर वाढवायचा, मशीन घ्यायचं की दुपार भरायची. दर वाढवावा लागला तर वाढवा. सामान महागलं, भाडं वाढलं, हे गिऱ्हाइकालाही कळतं. चांगल्या हाताला लोक दहा-वीस रुपये जास्त देतात.

येत्या काळात यंत्रं बदलतील, क्रीमची नावं बदलतील. पण बाई डोळे मिटून, चेहरा दुसरीच्या हातात देऊन निवांत पडते, ते त्या हातावरच्या भरवशामुळे. तो भरवसा जपा, आणि त्याची रास्त किंमत घ्यायला लाजू नका.